सभागृहात आई हसली

ताई, नमस्कार.

मी सोलापूरचा. वय ४६. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. हातात आलेल्या पैशातून वडिलांनी दोन जुने माग घेतले आणि मी कॉलेज सोडून मागावर उभा राहिलो. आज चादरीचे आठ माग आहेत. धाकटा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. पुण्याला शिकला, नोकरी धरली, ती सोडली, आता फिल्म करतो. मधली बहीण बार्शीला दिली आहे. वडील जाऊन तीन वर्षं झाली.

दिवाळीनंतर भावानं चाळीस मिनिटांची फिल्म इथं एका सभागृहात दाखवली. कॉमेडी आहे म्हणाला. आम्हा घरच्यांना पुढच्या रांगेत बसवलं. त्यात एक थोरला भाऊ आहे. तो जेवताना भाकरी मोजतो, कुणी खोलीतून उठलं की पंखा बंद करतो, लाल वहीत प्रत्येकाचा खर्च लिहितो. खिशाला दोन पेनं लावतो. ताई, तो मीच आहे. माझी चप्पल घासत चालायची सवयसुद्धा घेतली आहे. लोक पोट धरून हसत होते. बायको मान खाली घालून बसली. आणि आई हसली. पदर तोंडाला लावून, पण हसली.

बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर मी म्हणालो, "माझ्या पैशानं शिकलास आणि माझीच टिंगल केलीस." तो म्हणाला, "तुला पैसाच दिसतो, तेच दाखवलंय." तेव्हापासून बोलणं बंद. कागदाचं काम असलं तर 'आपण', 'तुम्ही' करून मेसेज टाकतो. एरवी आमचं 'बे' शिवाय पान हलत नव्हतं. आता तो ही फिल्म महोत्सवांना पाठवणार आहे आणि यावरच मोठा चित्रपट लिहितोय. साडू म्हणतात, वकिलाची नोटीस दे. घर आणि शेड अजून वडिलांच्या नावावर आहे. मेहुणा म्हणतो, फिल्म बंद कर मगच वाटणीवर सही करतो, असं सांग. गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, तो येणार आहे. मी काय करू?

– एक थोरला


दादा,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. भाकरी, पंखा, वही हे तुम्ही भराभर लिहून टाकलंय. 'आई हसली' इथं मात्र तुमचा हात अडखळलाय. चारशे लोक हसले असते तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी मागावर गेला असता, असं मला वाटतं. आई हसली, ते तुम्हाला झोपू देत नाही.

म्हणून आधी आईचं बोलू. ती कशाला हसली, हे तुम्ही तिला विचारलंत का? पत्रात तसं काही नाही. पदर तोंडाला लावून आपल्याकडच्या बायका हसतात, तशाच रडतात. शेजारी बसलेल्या पोरालाही अंधारात दोन्हींतला फरक कळत नाही.

मला दुसरीही एक शंका आहे. उठलं की पंखा बंद करायचा, भाकरी मोजून टोपलीत ठेवायच्या, खर्च वहीत लिहायचा, या सवयी तुमच्या कधीपासूनच्या? माझेही वडील गिरणीतच होते. आमचं उठणं, जेवणं, झोपणं भोंग्यावर चालायचं. पगार आला की पहिल्याच रात्री त्याचे भाग पडायचे, किराणा, दूध, भाडं, आणि जे उरायचं ते कागदात गुंडाळून डब्यात. दिवा विनाकारण जळलेला माझ्या वडिलांना सहन होत नसे. १८७७ साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली, त्यानंतर या शहरात तीन-चार पिढ्या अशाच घरांत वाढल्या. तेव्हा तुमच्या फिल्ममधला तो पंखा बंद करणारा हात तुमच्या आईनं तुमच्याआधी आणखी कुणाचा पाहिला असेल, याचा विचार करा. तिचा नवरा जाऊन तीनच वर्षं झालीत. पडद्यावर तिला कोण दिसलं, ते तिलाच ठाऊक. स्वयंपाकघरात तिच्याजवळ बसा, ती भाकरी थापत असताना, आणि साधं विचारा, "आई, तू कशाला हसलीस?" उत्तर काहीही आलं तरी मधे बोलू नका.

आता भाऊ.

तुम्ही कॉलेज सोडलंत तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. त्याच्या जागी बसून बघा. कालपर्यंत सायकलवर पुढं बसवून तलावावर फिरवणारा, गड्ड्यात पाळण्यात बसवणारा दादा एका उन्हाळ्यात बदलला. रात्री उशिरा येतो, अंगाला सुताचा वास येतो, हसत नाही, आणि ताटात तिसरी भाकरी घेतली की बघतो. का बघतो, ते कुणी सांगितलं नाही. सुताचा भाव किती चढला, बिलाचा हप्ता कसा थकला, व्यापाऱ्यानं माल परत कसा पाठवला, ही बोलणी शेडमध्ये व्हायची आणि तिथंच राहायची. पोराला फक्त ताट दिसत होतं. त्यानं जे पाहिलं ते त्यानं दाखवलं. तुमच्या पत्रावरून मला तरी त्यात खोटं काही दिसत नाही. तुम्हीही एकदा सुद्धा 'मी असा नाही' असं लिहिलेलं नाही. त्याच्या फिल्ममध्ये अर्धी हकीकत आहे, उरलेली अर्धी तुमच्याकडे आहे आणि ती तुम्ही आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तरी सांगितलीत का?

गिरण्या बंद पडल्या तेव्हा या शहरात किती थोरल्या पोरांनी दप्तर खुंटीला लावलं, त्याची कुठं नोंद नाही. कुणी मागावर गेला, कुणी कांड्या भरायला, कुणी रिक्षा धरली. घरातल्या बायकांनी सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या. धाकटी शिकली, बाहेर पडली, त्यांना शब्द मिळाले. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला काम आलं, आणि काम करणारा माणूस बोलत नाही. मागाच्या खडखडाटात बोलून ऐकूही जात नाही. म्हणून घराची गोष्ट नेहमी घर सोडून गेलेला सांगतो. तुमचा राग मला समजतो तो इथं.

पण त्या रात्री तुम्ही जे बोललात ते चुकलं. "माझ्या पैशानं शिकलास." फिल्ममध्ये थोरल्याला पैशापलीकडे दिसत नाही असं दाखवलं, आणि बाहेर येऊन तुम्ही पहिलं वाक्य पैशाचंच बोललात, तेही सगळ्यांसमोर. ते वाक्य मागं घ्यावं लागेल. त्याच्याकडून आधी काही यायची वाट न बघता.

त्याचंही चुकलं, आणि ते मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. जिवंत माणसाची चाल, पेनं, वही घ्यायची आणि त्याला न सांगता पुढच्या रांगेत बसवायचं, हे भावानं करू नये. आधी घरी दाखवायला हवी होती. तुम्ही आणि तो, दार लावून. वहिनीची मान खाली गेली ती त्यामुळं. त्यांच्याशीही बोला, त्या काही म्हणाल्या नसतील म्हणून त्यांना लागलं नाही असं समजू नका.

त्याच्याकडं मागायचं ते एवढंच मागा. महोत्सवाला पाठवण्याआधी दोन पेनं आणि चपलेची चाल बदल, गल्लीत मला ओळखतात, घरच्यांना ऐकावं लागेल. ही मागणी रास्त आहे. संकलनात असे बदल होतात, अशक्य काही नाही. 'फिल्म बंद कर' मात्र म्हणू नका. याला घरात कुणी खूळ म्हणत असेल तर त्यांनाही थांबवा. आपल्याच जिल्ह्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे, त्यांचा 'सैराट' २०१६ साली आला आणि करमाळ्याची बोली, तिथल्या विहिरी, उसाची रानं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. इथल्या पोराला आपलं घर पडद्यावर आणावंसं वाटलं तर ती चांगली गोष्ट आहे. चादरीचा माग, त्याचा आवाज, लाल वही, हे दाखवावं असं त्याला वाटलं. पुण्यात राहून त्याला पुण्याची गोष्ट सुचली नाही.

तुमच्या पत्रातली आणखी एक गोष्ट मला खटकली. थोरल्याबद्दल तुम्ही खिशातल्या पेनापर्यंत सगळं लिहिलंत. फिल्ममधला धाकटा कसा आहे, याबद्दल एक अक्षर नाही. शेवट काय होतो, तेही नाही. पहिल्या दहा मिनिटांनंतर तुम्ही पडद्याकडे पाहिलंच नसेल, मागच्या रांगांचं हसू ऐकत बसला असाल, असा माझा अंदाज आहे. त्याच्याकडून फिल्म मागून घ्या आणि रात्री एकटे बसून पाहा. धाकट्याकडे बघा. त्यानं स्वतःला कसं रंगवलंय, तो घरी परत येतो की नाही, आला तर दारात थांबतो की आत येतो. विनोदी गोष्टीत लिहिणारा स्वतःचं दुखणं दुसऱ्या पात्राच्या आड ठेवतो. ते तुम्हाला तिथं सापडेल, किंवा सापडणार नाही. पण न पाहता भांडू नका.

मग लाल वही. ती अजून असेलच, तुम्ही टाकणाऱ्यातले नाही. त्याच्या पुण्यातल्या पहिल्या वर्षाची पानं काढा. वसतिगृहाची फी, खानावळ, एस.टी.चं भाडं, पुस्तकं. त्याच पानांवर त्या महिन्यांत तुम्ही स्वतःवर काय खर्च केला तेही असेल, किंवा रकाना कोरा असेल. ती वही त्याच्या हातात द्या आणि बाहेर जा. हिशेब म्हणून देऊ नका, बेरीज दाखवू नका, बोटही ठेवू नका. "तुझ्या मोठ्या चित्रपटाला लागेल, वाच," एवढं म्हणा. भाकरी मोजणारा माणूस पाहून लोक हसतात. तो कुणासाठी मोजत होता हे कळलं की तेच लोक हसता हसता गप्प होतात, आणि लिहिणाऱ्याला ती जागा सापडणं फार गरजेचं असतं. त्याच्याकडे ती नाही. तुमच्या कपाटात आहे.

नोटिशीचं थोडक्यात. देऊ नका. सख्ख्या भावाच्या दारात वकिलाचं पाकीट गेलं की पुढं कुणाच्या हातात काही राहत नाही.

आणि वाटणीचं मेहुण्यांनी सुचवलं ते तर मुळीच करू नका. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि घर-शेड त्यांच्या स्वतःच्या कमाईची असेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, तुम्ही, बहीण आणि धाकटा अशा चौघांचा सारखा हिस्सा आहे. बार्शीची बहीण तुमच्या पत्रात एका ओळीपुरती आली, पण कागदावर ती तुमच्याइतकीच आहे, आणि आईही. तुम्ही सही अडवलीत तर फिल्मशी काही देणंघेणं नसलेल्या त्या दोघींचं काम अडेल. शेड तुम्ही वाढवलीत, आठ माग तुमच्या कष्टाचे, हे सगळ्यांनी मानायला हवं. ते चौघांनी बसून बोलायचं, कुणी आपला हक्क सोडणार असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यायचं, तोंडी ठेवायचं नाही. पण हा विषय संक्रांतीनंतर, वेगळ्या दिवशी. फिल्म आणि शेड एकाच बैठकीत घेतलंत तर धाकट्याला वाटेल की त्यानं पडद्यावर दाखवलं तेच खरं होतं.

मी आणि माझी बहीण आईच्या पाटल्यांवरून सात वर्षं बोललो नाही. पाटल्या शेवटी मोडल्या, तिच्या मुलाच्या आजारपणात. मला ते तिसऱ्याकडून कळलं. मी तेव्हा तिच्याजवळ असायला हवं होतं. त्या सात वर्षांत मी अनेकदा फोन हातात घेतला आणि 'आधी तिनं करावा' म्हणून खाली ठेवला. म्हणून गड्ड्यापर्यंत थांबू नका, असं तुम्हाला सांगते. तो आला की घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, अक्षतेच्या दिवशी संमती कट्ट्याकडे जायची घाई असेल, होम मैदानावर पोरांना पाळणे हवे असतील, आणि तुम्ही दोघं चार दिवस एकमेकांना ताट वाढून देत 'आपण, आपण' करत काढाल.

आजच फोन करा. शेडमधून नको, माग बंद झाल्यावर, घराच्या पायरीवर बसून. फिल्मचं काढू नका, वहीचंही नको. तो 'हॅलो, बोला' म्हणेल. तुम्ही म्हणा, "काय बे, कधी निघालास? स्टँडवर येतो मी."