तीन फुल्यांची धास्ती

"मॅडम, माझ्यावर चोरीचा आळ तर येणार नाही ना?" समोर बसल्या बसल्या तिनं हेच विचारलं. प्रबंधाचं चौथं वर्ष, पाच प्रकरणं लिहून झालेली, सादर करायला चार महिने. रात्री दोन-अडीचला दचकून जाग यायची आणि मनात एकच घोळत राहायचं, तिसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य नक्की कुणाचं होतं? मग लॅपटॉप उघडून पीडीएफ चाळत बसायचं, सापडलं नाही की रडायचं. (तिच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

समुपदेशन करताना संशोधक विद्यार्थ्यांकडून ही काळजी मी वरचेवर ऐकते. संदर्भ राहिलेले असतात कागदावर, पण बोलताना ते स्वतःबद्दलच बोलतात. "मला शिस्तच नाही", "मी या कामाच्या लायकीची नाही." आधी आम्ही झोपेवर काम केलं, श्वसनाचे व्यायाम केले. थोडा फरक पडला, पण धास्ती जाईना. तेव्हा मी तिला म्हटलं, "तुम्ही लिहायला बसता तशा आत्ता इथे बसा. मी फक्त बघते."

तिनं एक वाक्य लिहिलं. संदर्भ द्यायची वेळ आली तशी ती थांबली, ब्राउझरमध्ये गेली, लेख शोधला, लेखकांची नावं उचलली, सालासाठी दुसरीकडे गेली, वाटेत भलताच लेख उघडून त्याची दोन पानं वाचली. परत आली तेव्हा अकरा मिनिटं झाली होती आणि वाक्य पुढे कुठे न्यायचं होतं ते ती विसरली होती. ही ओढाताण नको म्हणून बहुतेक वेळा ती कंसात नुसत्या तीन फुल्या मारून पुढे जायची. मोजल्या तेव्हा अशा ६३ जागा निघाल्या. फाईलनं सांभाळायच्या या ६३ गोष्टी तिचं डोकं रात्रंदिवस सांभाळत होतं. यात स्वभावाचा दोष कुठे आला?

ती लेटेकमध्ये, म्हणजे प्रबंधाची छपाईयोग्य मांडणी करणाऱ्या प्रणालीत, लिहीत होती, पण संदर्भसूची हातानं टाइप करत होती. ओरेन पाताश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये याच कामासाठी बिबटेक तयार केलं. प्रत्येक पुस्तकाची, लेखाची नोंद एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये एकदाच करायची. लेखक, शीर्षक, साल, प्रकाशक, आणि त्या नोंदीला एक छोटं नाव, म्हणजे 'की' (key). मजकुरात फक्त ती की लिहायची. क्रम, स्वल्पविराम, तिरपी अक्षरं यांचं सगळं नंतर यंत्र बघतं. मजकुरात ज्याचा उल्लेख नाही ते सूचीत छापलंच जात नाही, म्हणून वाचलेलं सगळं बिनधास्त त्या फाईलमध्ये ठेवता येतं.

तिच्यासाठी महत्त्वाचं हे होतं की, पान सोडावं लागत नाही. लिहायला ती ईमॅक्स हा एडिटर वापरायची. त्यात रेफटेक हे संदर्भ घालायचं साधन आधीपासूनच असतं. दोन कळा दाबा, लेखकाचं आडनाव टाका, खाली जुळणाऱ्या नोंदी दिसतात, एंटर मारलं की संदर्भ जागेवर. ईमॅक्समधल्याच ऑर्ग मोड या टिपणं-लेखनाच्या सोयीतही २०२१ च्या ९.५ आवृत्तीपासून संदर्भांची सोय आहे. मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहिणारे चौकोनी कंसात @ चिन्ह, की आणि पान क्रमांक लिहितात, बाकी पॅनडॉक हे फाईलचं रूप बदलणारं साधन करतं. झोटेरो या संदर्भ साठवायच्या ॲपमध्ये संग्रह असेल तर बेटर बिबटेक हे पूरक साधन ती फाईल आपोआप ताजी ठेवतं. आणि रोमन सोडून इतर लिपीतले संदर्भ असतील तर बिबटेकऐवजी बिबलेटेक आणि बायबर ही जोडी घ्या, ती युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं, नीट हाताळते.

"चार महिने राहिलेत, आता नवीन काय शिकू?" तिचं म्हणणं रास्त होतं. म्हणून सगळा प्रबंध बदलायचा नाही असं ठरवलं. रोज फुल्यांच्या पाच जागा भरायच्या, सहावी नाही.

पहिल्याच दिवशी तिचा फोन आला. छापील पानभर ठळक प्रश्नचिन्हं उमटली होती आणि तिचा आवाज कापत होता. लेटेकला की सापडली नाही की ते तिथे प्रश्नचिन्ह ठेवतं. एकदा लेटेक, मग बिबटेक, मग पुन्हा दोनदा लेटेक चालवल्यावर निम्मी गेली. उरलेल्या ठिकाणी कीचं स्पेलिंग चुकलं होतं. मला ही प्रश्नचिन्हं फार मोलाची वाटतात. राहून गेलेला संदर्भ गपचूप दडून बसत नाही, नेमकी जागा दाखवतो. रात्री अडीचला आठवायची गरजच उरत नाही.

पुढे चार लेखकांच्या एका नोंदीचा पार विचका झाला. तिनं नावांमध्ये स्वल्पविराम दिले होते. तिथे दोन लेखकांमध्ये 'ॲन्ड' लिहावं लागतं, कारण स्वल्पविराम आडनाव आणि नाव वेगळं करायला असतो. अशी प्रत्येक चूक ती वहीत "मी वेंधळी" म्हणून लिहायची. मी एवढंच बदलायला लावलं. चूक जशी आहे तशी लिहा. "ॲन्ड राहिला." "महिरपी कंस मिटला नाही." पंधरा दिवसांनी तिनं ते पान मला दाखवलं. त्यात तिच्याबद्दल एक शब्द नव्हता.

तिसऱ्या आठवड्यात फुल्या कमी होईनात. दोन रात्री एडिटरचे रंग आणि शॉर्टकट जमवण्यात गेल्या होत्या. हे मी खूप जणांत पाहते. काम केल्यासारखं वाटतं, आणि भीतीचं पान उघडावं लागत नाही. सादर होईपर्यंत एकच शॉर्टकट, असा करार केला.

चोरीच्या आळाबद्दलही स्पष्ट बोललो. वाक्य स्वतःच्या शब्दांत आहे की उचललेलं, ते कुठलीही फाईल सांगत नाही. टिपण काढतानाच उतरवलेल्या ओळीला अवतरणचिन्हं घाला, पान क्रमांक तेव्हाच लिहा. इंटरनेटवरून आयती घेतलेली नोंदही मूळ लेखाच्या पहिल्या पानाशी ताडून बघा, नावं आणि सालं चुकलेली असतात.

पाचव्या भेटीत फुल्यांच्या सहा जागा उरल्या होत्या. चारांचे संदर्भ तिनं तिथेच शोधले. पाचव्या वाक्याचा मूळ लेख मिळेना, तिनं ते वाक्य काढून टाकलं. सहावं मी मोठ्यानं वाचायला सांगितलं. तिनं वाचलं, थांबली, शेजारचा तक्ता पाहिला. आकडे तिनं स्वतः गोळा केलेले, आणि वाक्य त्या आकड्यांवरून काढलेला तिचाच निष्कर्ष. इतके महिने ती त्याचा मालक शोधत होती.

तिनं तीन फुल्या खोडल्या आणि वाक्य पुन्हा एकदा वाचलं.