बॅटरी चार्जर : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : आमच्या फोर्कलिफ्टची 48 व्होल्ट, 500 अँपिअर-तासांची बॅटरी पूर्वी रात्रभर चार्ज होत असे. आता दोन-अडीच तासांतच चार्जरवर ‘पूर्ण’ असा दिवा लागतो आणि गाडी अर्ध्या पाळीतच थांबते. चार्जर बदलावा का?

उत्तर : एवढ्यावरून चार्जर बदलण्याची घाई करू नये. बॅटरीच्या आत काय चालले आहे हे चार्जरला कळत नाही. त्याला कळतो तो स्वतःच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज, आणि तो ठरावीक आकड्याला पोहोचला की बॅटरी भरत आली असे धरून तो प्रवाह कमी करू लागतो. लेड-ॲसिड बॅटरीत हा आकडा सामान्यतः प्रति सेल 2.4 व्होल्टच्या आसपास, म्हणजे 24 सेलांना 57.6 व्होल्ट असतो, कारण तेथून पुढे पाण्याचे विघटन होऊन वायू जोराने सुटू लागतो. तेव्हा शोधायचे ते एवढेच, की हा आकडा वेळेआधी का गाठला जातो.

पहिला संशय प्लगवर घ्यावा. काळवंडलेल्या किंवा सैल संपर्कात केवळ 20 मिलिओहम रोध असला, तरी 100 अँपिअर प्रवाहाला तेथे 2 व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरीचा व्होल्टेज मोजण्यासाठी स्वतंत्र तार नसलेल्या चार्जरला अशा वेळी 57.6 दिसतात, पण बॅटरीला प्रत्यक्षात 55.6, म्हणजे सेलमागे जेमतेम 2.32 व्होल्ट मिळतात. शिवाय त्या संपर्कात 200 वॉट उष्णता निर्माण होते, आणि प्लगचे प्लॅस्टिक पिवळे पडते किंवा वितळते ते यामुळेच. चार्जिंग चालू असताना एकाच मल्टिमीटरने आधी चार्जरच्या टर्मिनलवर आणि लगेच बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज मोजावा. चार्जरच्या दर्शनी मीटरचा आकडा या तपासणीत ग्राह्य धरू नये. फरक अर्ध्या व्होल्टहून अधिक निघाला, तर माझ्या मते प्लग व केबलचे लग (टोकाचे धातूचे जोड) दुरुस्त होईपर्यंत पुढचे निदान करण्यात अर्थ नाही. प्लग ओढण्यापूर्वी चार्जर बंद करावा, हे सांगण्याची खरे तर गरज नसावी. परंतु हवेत 4 टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने तो पेट घेऊ शकतो आणि चार्जिंगच्या शेवटी तो बॅटरीच्या वर साचलेला असतो.

संपर्क ठीक निघाले, तर दुसरे कारण सल्फेशन, म्हणजे प्लेटांवर सल्फेट घट्ट बसणे. बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत दीर्घकाळ राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक तयार होतात. अशी बॅटरी चार्जिंगला लावताच व्होल्टेज झपाट्याने चढतो, पण इलेक्ट्रोलाइटची (बॅटरीतील आम्लद्रवाची) ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतील घनता, मात्र हलत नाही. हायड्रोमीटरने प्रत्येक सेल तपासावा. ट्रॅक्शन (वाहन चालवणाऱ्या) बॅटरीत पूर्ण चार्जला साधारण 1.280 ग्रॅव्हिटी अपेक्षित असते. इलेक्ट्रोलाइट संदर्भ तापमानापेक्षा (ज्या तापमानासाठी ग्रॅव्हिटीचा आकडा दिलेला असतो त्यापेक्षा) जितके अंश सेल्सिअस गरम, त्यातील प्रत्येक अंशामागे वाचनात 0.0007 मिळवावे. सर्वच सेल खाली असतील, तर 15 ते 25 अँपिअर इतक्या मंद प्रवाहाने इक्वलायझिंग चार्ज (सर्व सेल समपातळीवर आणणारा जादा चार्ज) द्यावा आणि तासातासाने घेतलेली तीन वाचने सारखी येईपर्यंत तो चालू ठेवावा. इलेक्ट्रोलाइटचे तापमान 45 अंशांवर जाऊ लागले, तर थांबून बॅटरी थंड होऊ द्यावी. एखाद-दुसराच सेल मागे असेल, तर मात्र दोष त्या सेलचा आहे आणि पूर्ण संचाला जास्त चार्ज देऊन तो सुधारणार नाही.

प्रश्न : आमच्या 110 व्होल्ट डीसी संचात 55 सेल आहेत. फ्लोट व्होल्टेज नेमका किती ठेवावा? एका तंत्रज्ञाने तो वाढवून दिल्यापासून पाणी फार लागते.

उत्तर : द्रव इलेक्ट्रोलाइटच्या सेलसाठी फ्लोट व्होल्टेज, म्हणजे भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवण्यासाठी सतत दिला जाणारा व्होल्टेज, 2.15 ते 2.25 व्होल्ट प्रति सेल, म्हणजे आपल्या संचासाठी सुमारे 118 ते 124 व्होल्ट या पट्ट्यात असतो. नेमका आकडा उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावा. उष्ण खोलीत तोच व्होल्टेज जादा ठरतो. प्रत्येक अंशामागे सेलला साधारण 3 मिलिव्होल्ट कमी करावे लागतात, म्हणजे खोली 10 अंशांनी तापली तर 55 सेलांमागे सुमारे 1.65 व्होल्ट. चार्जरमध्ये तापमानभरपाई असली, तरी तिचा संवेदक बॅटरीपाशी न लावता चार्जरच्या कपाटातच लटकत असल्याचे अनेकदा आढळते. तो कोठे आहे ते आधी पाहावे. बूस्टच्या (जलद चार्जिंगच्या) वेळी हाच संच 132 व्होल्ट वा त्याहून वर जातो, म्हणून रिले व नियंत्रण उपकरणांपर्यंत तो व्होल्टेज पोहोचू नये यासाठीची ड्रॉपर डायोड (व्होल्टेज उतरवणारे डायोड) किंवा टॅप सेलची (काही सेल वगळून मधूनच जोडणी घेण्याची) व्यवस्था खरोखर चालते का, हेही त्याच वेळी मोजून घ्यावे. सीलबंद व्हीआरएलए बॅटरीला हे बूस्ट आकडे लावू नयेत; तिच्यात गेलेले पाणी परत घालता येत नाही.

प्रश्न : थायरिस्टर चार्जरचा आवाज अचानक बदलला असून तो पूर्ण प्रवाह देत नाही. फ्यूज बदलला, पुन्हा गेला.

उत्तर : त्रिफेज पूर्ण-नियंत्रित ब्रिजचा (एसीचे डीसी करणाऱ्या मंडलाचा) एक थायरिस्टर, म्हणजे पल्सने चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, निकामी झाला, किंवा त्याला ट्रिगर पल्स मिळेनाशी झाली, की तिन्ही फेजवरचा भार असमान होतो, ट्रान्सफॉर्मर जड गुणगुणतो आणि डीसीमध्ये 300 ऐवजी 50 हर्ट्झचा तरंग मिसळतो. क्लॅम्प मीटरने इनपुटच्या तिन्ही फेजचे प्रवाह मोजले, की असमानता लगेच दिसते. फ्यूज पुन्हा उडाला याचा अर्थ शॉर्ट झालेला थायरिस्टर तसाच आहे. तो अलग करून अॅनोड-कॅथोड रोध तपासल्याशिवाय तिसरा फ्यूज घालू नये, आणि सेमीकंडक्टरसाठीच्या शीघ्र फ्यूजच्या जागी साधा एचआरसी (उच्च विच्छेदनक्षमतेचा) फ्यूज तर मुळीच घालू नये. मुख्य पुरवठा बंद केला म्हणजे चार्जर निर्जीव झाला असे नाही: डीसी बाजूला बॅटरीचा व्होल्टेज कायम असतो आणि फिल्टर कॅपॅसिटरही भरलेले राहतात. बॅटरीचा फ्यूज काढावा, कॅपॅसिटर डिस्चार्ज करावेत, मोजून खात्री करावी, मगच हात घालावा.

प्रश्न : डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगपूर्वी घालावे की नंतर?

उत्तर : नंतर. चार्जिंगमध्ये बुडबुड्यांमुळे पातळी वर चढते, म्हणून आधी काठोकाठ भरल्यास आम्ल बाहेर सांडते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच त्या झाकण्यापुरते आधी घालावे. ग्रॅव्हिटी कमी आहे म्हणून आम्ल ओतू नये. ते प्लेटांतील सल्फेटमध्ये अडकलेले असते आणि चार्जिंगनेच परत येते.

प्रश्न : महिनोन्महिने पडून असलेली बॅटरी जोडली, तर चार्जर सुरूच होत नाही.

उत्तर : बहुतेक स्वयंचलित चार्जर बॅटरीचा किमान व्होल्टेज सापडल्याशिवाय काँटॅक्टर (बॅटरीशी जोडणी करणारा विद्युत स्विच) ओढत नाहीत, उलट ध्रुवता किंवा चुकीची बॅटरी यांपासून संरक्षण म्हणून ही योजना असते. काँटॅक्टर हाताने दाबून ती चुकवू नये. ध्रुवता तपासून, मॅन्युअल पद्धतीने किंवा प्रवाहमर्यादा असलेल्या पुरवठ्याने, आधी क्षमतेच्या 2 ते 3 टक्के प्रवाह द्यावा आणि प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजत राहावे. इतर सेल 2 व्होल्टच्या वर गेले तरी एखादा शून्याजवळच राहिला, तर तो आतून शॉर्ट झालेला आहे आणि तो बदलल्याशिवाय ती बॅटरी पुन्हा सेवेत घेऊ नये.