रेसिपी किट लावू का?

प्रश्न: ताई, मी नोकरीसाठी बर्लिनला असते, ऑफिसमधून दमून आल्यावर रोज काय करायचं हाच प्रश्न, आठवड्याचं रेसिपी किट लावून बघू का?

उत्तर: बघ की, असं किट घरपोच देणारी हेलोफ्रेश कंपनी तर 2011 मध्ये तुझ्या बर्लिनमध्येच सुरू झाली. मोजलेलं सामान आणि रेसिपी कार्ड घरी येतं, अर्धी जुडी फ्रीजमध्ये सडत नाही, पण किराणा स्वतः आणण्यापेक्षा महाग पडतं आणि चिरणं, परतणं, भांडी तुलाच हं. आपल्या जिभेला फिकं लागेल, कांदा परततानाच जिरं नि लाल तिखट टाक, मस्त होतं. ऑर्डर आपोआप पुढे चालू राहते, त्यामुळे नको तो आठवडा मुदतीआधीच अ‍ॅपमध्ये स्किप कर, नाहीतर पैसे कापले जातात. कार्डं जपून ठेव, पुढे त्याच भाज्या बाजारातून आणून करता येतील.