आवडलं ना, मग नेमकं कुठं ते सांग

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला आणि म्हटलं यावर तुकड्या तुकड्यात उत्तर देण्यात अर्थ नाही, सरळ पत्रच लिहावं. आवडत्या गाण्यांची, सिनेमांची, कॉमिक्सची, चित्रांची यादी पाठवलीस आणि खाली विचारलंस की मावशी यातलं काय काढू, लोक हसतील असं काही आहे का. काही काढू नकोस. एकही नाव नाही. पण प्रत्येक नावापुढे जे लिहिलंयस ना, मास्टरपीस, अंडररेटेड, काळजाला भिडतं वगैरे, ते सगळं खोड, आणि तिथं एवढंच लिही की ते तुला नेमकं कुठं भिडलं, कुठल्या सीनला, कुठल्या सुरावर, कुठल्या रंगापाशी. बोट ठेवता आलं पाहिजे. ते ठेवता आलं की मत तुझं झालं, मग कुणी हसो नाहीतर काही करो.

आता सैराटच घे. तू ते नाव कंसात टाकलंयस, बहुतेक कॉलेजातली ती जागतिक सिनेमावाली मंडळी काय म्हणतील म्हणून. अगं लाजायचं काय त्यात! अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला हे सगळ्यांना माहितीये आणि सगळे तेवढंच सांगत बसतात, पण तू हे बघ की गाणी चार आहेत आणि चारही गाव सोडायच्या आधीच संपतात. झिंगाटवर लोक थेटरात उठून नाचले, आणि त्यानंतर आर्ची आणि परश्या पळून हैदराबादला जातात, झोपडपट्टीत राहतात, तो डोशाच्या गाडीवर कामाला लागतो, भांडणं होतात, संशय येतो, आणि तिथं एक गाणं नाही. आणि शेवटी ते लहान मूल पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा तर आवाजच काढून घेतलाय, त्याचं रडणंसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. आधी एवढी व्हायोलिनं ओतलीत म्हणून ती शांतता अशी अंगावर येते. हे एवढं जरी त्या मंडळींना सांगितलंस ना तरी बास, मग त्यांना म्हणावं आता तुम्ही तुमच्या सिनेमातलं एक असं सांगा.

नावाला आणि रेटिंगला भुलू नकोस हे तर तुला कुणीही सांगेल, पण त्याचं एक फार गोड उदाहरण आपल्याकडेच आहे. 'आधी बीज एकले' हे गाणं कित्येक लोक तुकोबांचा अभंग म्हणूनच म्हणायचे, आणि ते लिहिलंय शांताराम आठवल्यांनी, 1936 च्या प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' सिनेमासाठी. लोकांना ते शब्द तुकोबांचे वाटावेत इतके साधे आणि खोल उतरलेत. आता लेखक कळल्यावर गाणं कमी होतं का? माझ्यासाठी तर आठवले मोठे होतात.

शास्त्रीय संगीताबद्दल तू लिहिलंयस की बोअर होतं, सगळं सारखंच वाटतं. हे प्रामाणिकपणे लिहिलंस ते मला फार आवडलं, नाहीतर तुझ्या वयात लोक उगाच मान डोलवायला शिकतात आणि मग आयुष्यभर डोलवतच राहतात. पण 'सारखंच वाटतं' यावर थांबायचं नाही हं. एक कर, भूप आणि देसकार हे दोन राग एकापाठोपाठ ऐक. दोन्हीत तेच पाच सूर आहेत, सा रे ग प ध, मध्यम म्हणजे म नाही, निषाद म्हणजे नी नाही. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि देसकार सकाळी. भूपाचा सगळा जीव गंधारात, म्हणजे ग मध्ये, तो खालच्या बाजूला निवांत फिरतो, आणि देसकार धैवत, म्हणजे ध, धरून वरच्या अंगाला राहतो, तिथूनच बोलतो. म्हणजे सामान तेच, पण वजन कशावर टाकलंय त्यावर संध्याकाळ की सकाळ ते ठरतं! हे पहिल्यांदा कानाला कळतं ना तेव्हा जो आनंद होतो तो मला तुला शब्दांत देता येणार नाही, तो तुझा तुलाच मिळवायला लागेल.

भूपासाठी गायिका किशोरीताई आमोणकरांचं 'सहेला रे' ऐक, कानाला हेडफोन लावून, दुसरं काही न करता. त्या गंधारावर येऊन थांबतात तेव्हा घाईने पुढे जाऊ नकोस, तिथं काय होतंय ते बघ. त्यांनी आई मोगूबाई कुर्डीकरांकडून जयपूर-अत्रौली घराण्याची एवढी कडक तालीम घेतली आणि तरी पुढं रागातल्या भावनेसाठी म्हणून घराण्याची चौकट स्वतःच्या हिमतीवर सैल केली, त्यावरून जुन्या लोकांत केवढे वाद झाले. मला किशोरीताई अतिशय प्रिय आहेत, पण खरं विचारशील तर त्याच घराण्यातले मल्लिकार्जुन मन्सूर माझ्या जास्त जवळचे, कारण ते पसरत नाहीत, पहिल्या आवर्तनापासून, म्हणजे तालाच्या पहिल्या फेऱ्यापासूनच, राग समोर उभा असतो आणि मग एकातून एक अशा गोष्टी सुचत जातात की श्वास घ्यायला फुरसत नाही. तुला उलट वाटलं तर मला नक्की कळव, भांडू आपण यावर, अशी भांडणं मला हवीच असतात.

कॉमिक्सच्या रकान्यात तू चक्क 'हे तर लहानपणीचं' असं लिहून वेताळ, अमर चित्रकथा सगळं एका ओळीत उरकलंयस. हे मला नाही पटलं. 'भीमायन' हे चित्रकथेचं पुस्तक मिळव कुठून तरी. 2011 मध्ये आलं, बाबासाहेबांच्या आयुष्यावर आहे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड आदिवासी कलाकारांची. त्यात नेहमीच्या कॉमिक्ससारख्या चौकोनी खिडक्या नाहीत, माणसांना डब्यात कोंडायचंच नाही असं त्या दोघांनी ठरवलं, म्हणून पान भिंतीवरच्या चित्रासारखं मोकळं वाहतं. आणि बोलण्याचे फुगे बघशील तर थक्क होशील, प्रेमाचं बोलणं पक्ष्याच्या आकारात आणि विषारी बोलणं असेल तर त्या फुग्याला विंचवाची नांगी! मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमाला आणि भावंडांना जात कळल्यावर कुणी गाडीवान न्यायला तयार होत नाही, तो प्रसंग शाळेत वाचलेला असेल तरी इथं बघ. जातीचा शब्द डंख मारतो हे सांगायला वेगळं वाक्यच लागत नाही, चित्रात नांगी आहे. लहानपणीचं म्हणे!

आणि चित्रं. चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं चित्र तू वॉलपेपरला लावलंयस ते बघून बरं वाटलं, पण त्याखाली तू काय लिहिलंयस, 23 कोटींना गेलं म्हणून. गेलं खरं, 2013 ला मुंबईत लिलावात, 23 कोटी 70 लाखांना. पण ते बाजाराचं मत झालं, तुझं कुठाय? हा नागपुरात जन्मलेला, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला माणूस वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचा, रोलरने आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचा, कागद दाबून ओला रंग परत उचलायचा, त्यामुळे खालचा थर वरच्यातून श्वास घेतो असं वाटतं. हे फोनवर नाही दिसत गं, तिथं नुसता पिवळा नाहीतर करडा पट्टा दिसतो. कुठल्याही प्रदर्शनात लागलेलं कळलं की जा, आधी लांबून बघ, मग जवळून, मग तिरकं उभं राहून उजेड कुठं अडकतो ते बघ.

तोवर मुंबईत काळ्या घोड्याला जायची सवय लाव. तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीला तिकीट नाही, आणि आत बहुतेक वेळा चित्रकार स्वतःच खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला किंमत विचारू नकोस, अर्थही विचारू नकोस, हा रंग आधी लावला की तो, एवढं विचार, फार आनंदाने सांगतात लोक. तिथून एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, चालत पाच मिनिटांवर आहे, फक्त सोमवारी जाऊ नकोस, बंद असतं.

तुझी,
मावशी