'कार्बन रिबेट'ला सूट म्हणावं का?

ओंटारिओत राहणाऱ्या एका बाईंनी विचारलंय. कॅनडातल्या घरखर्चावर त्या मराठीत लेख लिहितायत. 'कार्बन टॅक्स' म्हणजे पेट्रोल, गॅस अशा इंधनांवरची तिथली वसुली, आणि 'कार्बन रिबेट' म्हणजे त्यातून घरोघरी वाटली जाणारी रक्कम. पहिल्याला त्यांनी 'कार्बन कर' लिहिलं, दुसऱ्याला 'कार्बन सूट' ('कार्बन सूट मिळते'). दुसरा शब्द त्यांना खटकतोय. शिवाय कार्बनऐवजी 'कर्ब' लिहावं का, हेही विचारलंय.

कर्बाचं आधी उरकू. हा शब्द मेलेला नाही. माती परीक्षणाच्या अहवालात 'सेंद्रिय कर्ब' असतोच. पण 'कर्ब कर' एकदा मोठ्याने म्हणून बघा, दाताखाली खडा आल्यासारखं होतं. कार्बनच राहू द्या.

'कर' बोलीत ठीक आहे, पण कायद्याच्या भाषेत तो कर नव्हता! २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही वसुली म्हणजे लोकांचं वागणं बदलण्यासाठी लावलेला नियामक 'चार्ज' आहे, टॅक्स नव्हे. या 'चार्ज'ला आपल्याकडे नेमका शब्द आहे आणि तो दर महिन्याला घरी येतो: वीजबिलातला 'स्थिर आकार', 'वहन आकार'. तेव्हा काटेकोर लिहायचं तर 'कार्बन आकार'. 'उपकर' मात्र नको. तो आपण २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये लावला होता, पुढे तो ४०० झाला. पण त्यातून घरोघरी काही परत येत नव्हतं.

आता रिबेट. तुमच्या कानाने बरोबर पकडलंय. सूट पैसे भरतानाच मिळते: घरपट्टी मुदतीआधी भरली की बिलातून तेवढे वजा. परतावा म्हणजे आपलेच जादा गेलेले पैसे परत, जसा आयकराचा. आणि 'रिबेट' हा शब्द तर आपल्या दूध संस्थांमध्ये केव्हाच रुळलाय. दिवाळीला मिळणारं रिबेट घातलेल्या दुधाच्या हिशेबाने असतं. ज्याचं दूध जास्त, त्याला रक्कम जास्त. तिन्ही शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे, की मिळणारी रक्कम आपल्या व्यवहारावर ठरते.

कॅनडात नेमकं हेच नव्हतं. २०२४-२५ मध्ये ओंटारिओत तिमाहीला पहिल्या प्रौढ व्यक्तीचे १४० डॉलर, जोडीदाराचे ७०, दर मुलामागे ३५. चौघांच्या घराला वर्षाला १,१२०. पेट्रोलवरचा आकार लिटरला साधारण १७.६ सेंट होता. वर्षाला २,००० लिटर जाळणाऱ्याने त्यापायी ३५२ डॉलर भरले, सायकलवाल्याने शून्य, आणि खात्यात दोघांच्याही १,१२०च आले. (घर गरम ठेवायचा गॅस आणि भाववाढीतून येणारा भार यात धरलेला नाही.) 'सूट' लिहिलंत तर वाचक समजेल, की जास्त पेट्रोल जाळणाऱ्याला जास्त सूट. म्हणजे योजनेच्या बरोबर उलट!

सरकारलाही नाव सापडत नव्हतंच. आधी ते 'क्लायमेट ॲक्शन इन्सेंटिव्ह पेमेंट' होतं. त्यात ना कार्बन, ना परत मिळण्याचा उल्लेख. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'कॅनडा कार्बन रिबेट' झालं.

'लाभांश' सुचेल, पण त्यात नफ्याचा वास आहे. मी 'वाटा' म्हणेन. जमलेल्या रकमेतला सुमारे ९० टक्के भाग माणशी वाटला जायचा, तेव्हा 'कार्बन वाटा'. पहिल्यांदा लिहिताना पुढे कंसात 'रिबेट' टाका.

आणि एक, न विचारलेलं. तुमच्या वाक्यात 'मिळते' आहे. पेट्रोल, गॅस अशा इंधनांवरचा हा आकार १ एप्रिल २०२५ पासून शून्यावर आला आणि शेवटचा हप्ता त्याच महिन्यात जमा झाला. तिथे 'कार्बन वाटा मिळायचा' करा.