विचारसरणीवर पहिल्यांदा बोलणार असशील तर

भावा, रविवारी अभ्यासमंडळात 'विचारसरणी'वर बोलणार आहेस, तर सुरुवात मार्क्सपासून करू नको. सगळे तेच करतात. आधी देस्त्यू द त्रासीला गाठ. हा फ्रेंच सरदार क्रांतीच्या दहशतपर्वात तुरुंगात पडला, तिथं लॉक आणि काँदियाक या तत्त्वज्ञांना वाचत बसला, आणि १७९६ मध्ये त्यानं 'इदेओलोजी' हा शब्द घडवला. अर्थ साधा, कल्पनांचं शास्त्र. इंद्रियांच्या अनुभवातनं डोक्यात कल्पना कशा तयार होतात, ते तपासायचं. त्यात ना झेंडा होता, ना पक्ष.

या शब्दाची शिवी केली नेपोलियननं. आधी त्रासी आणि त्याच्या विचारांची मंडळी त्याला चालत होती. १८१२ मध्ये रशियातनं मार खाऊन परतल्यावर मात्र फ्रान्सच्या दुर्दशेचं खापर त्यानं यांच्याच डोक्यावर फोडलं. (इथं लोक हमखास हसतात, जरा थांब.) मार्क्स-एंगेल्सचं यावरचं लिखाण १८४५-४६ मधलं. सत्ताधारी वर्गाच्या कल्पनाच त्या काळावर राज्य करतात, एवढं सांग नि पुढं सर.

उदाहरण मात्र इथलंच घे. कुणासाठी कुठले मंत्र म्हणायचे हे जन्मानं ठरतं, ही कल्पना लोकांना निसर्गनियमच वाटायची. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजघराण्याच्या विधींना वेदमंत्र म्हणायला पुरोहितांनी नकार दिला त्या वादात, कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी तिलाच हात घातला, आणि १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासवर्गांसाठी ५० टक्के जागा राखल्या. यावर निवांत बोल, घाई नको.

शेवटी कुणीतरी विचारणारच, "तुझी स्वतःची विचारसरणी कुठली?" बिनधास्त सांग, पण भाषण संपल्यावर.