गणितात आता शोधायचे काय उरले?

प्रश्न : माझी मुलगी यंदा गणितात एम.एस्सी. झाली असून उपयोजित गणित आणि गणितीय भौतिकी या विषयात पीएच.डी. करावी असे तिच्या मनात आहे. घरात मात्र एकमत नाही. तिच्या आत्याचे म्हणणे असे, की गणिताची उत्तरे ठरलेली असतात आणि जी अवघड असतील ती आता संगणक काढतो; मग इतकी वर्षे संशोधन कशाचे करायचे? माझा सारा जन्म बँकेत गेला, त्यामुळे बहिणीला काय सांगावे हे मलाही सुचले नाही. (एक वाचक, रावपुरा, बडोदे)

उत्तर : आपल्या भगिनींची शंका रास्त आहे आणि ती पुष्कळांच्या मनात असते. संगणक समीकरण सोडवतो हे खरेच. पण कोणते समीकरण सोडवायचे, त्यातले कोणते पद ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हे आधी कोणीतरी ठरवून त्याच्या हाती द्यावे लागते. उपयोजित गणितातले बरेचसे संशोधन या टाकण्या-ठेवण्याचेच असते.

आपल्या गावातलेच उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा आजवा जलाशयातून किती पाणी सोडले आणि ते काळा घोड्याच्या पुलाशी केव्हा पोहोचणार, हाच प्रश्न साऱ्या शहराच्या तोंडी होता. पाण्याच्या गतीची मूळ समीकरणे नाविए आणि स्टोक्स यांच्या नावाने एकोणिसाव्या शतकापासून उपलब्ध आहेत; परंतु नदीच्या पात्रातला प्रत्येक भोवरा त्यांत पकडू पाहिल्यास आजचा मोठ्यात मोठा संगणकही पुरा पडणार नाही. म्हणून गणिती असा विचार करतो, की पुराची लाट कित्येक किलोमीटर लांब आणि पाणी जेमतेम काही मीटर खोल, तेव्हा पाण्याचे वर-खाली होण्याचे त्वरण नगण्य मानावे. एवढे एक पद टाकले, की १८७१ साली सां-व्हेनां या फ्रेंच अभियंत्याने मांडलेली सुटसुटीत समीकरणे हाती येतात, आणि पुराच्या अंदाजासाठी ती आजही वापरली जातात. लाटेचा वेग त्यांतून सहज निघतो : गुरुत्वत्वरण आणि खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ. दीड मीटर खोल संथ पाण्यात तो ताशी सुमारे १४ किलोमीटर भरतो.

आता या टाकलेल्या पदाची दुसरी बाजू पाहा. १८३४ साली एडिंबरोजवळच्या कालव्यात घोड्यांनी ओढलेली एक नाव अचानक थांबली आणि तिच्या पुढच्या टोकापाशी साचलेले पाणी एक गोल, गुळगुळीत उंचवटा होऊन पुढे निघाले. जॉन स्कॉट रसेल हा अभियंता ते पाहत होता. त्याने घोडा पिटाळून मैल-दोन मैल त्या लाटेचा पाठलाग केला. लाट दीडेक फूट उंच होती, तिचा वेग ताशी आठ-नऊ मैल, म्हणजे वरच्या सूत्राच्या आसपासच होता, आणि तिचा आकार जवळजवळ जसाच्या तसा राहिला होता. जॉर्ज एअरी या मातब्बर खगोलशास्त्रज्ञाला हे पटले नाही. उथळ पाण्याच्या समीकरणांनुसार लाटेचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने धावतो, त्यामुळे लाट पुढून उभी होत जाऊन अखेर फुटलीच पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता. हिशेबात त्याची चूक नव्हती. लाटेला फुटू न देणारा परिणाम नेमका त्या ‘नगण्य’ म्हणून टाकलेल्या पदात दडलेला होता : पाण्यावरच्या आखूड लाटा लांब लाटांपेक्षा सावकाश जातात आणि त्यामुळे लाट पसरू पाहते. उभी होण्याची आणि पसरण्याची ओढ बरोबरीची झाली, की लाट टिकते. हे पद परत आत घेणारे समीकरण बूसिनेस्क या फ्रेंच गणितीच्या कामात आधीच येऊन गेले होते. १८९५ साली कोर्टेवेग आणि डी फ्रीस यांनी ते मांडले आणि आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

संगणकाचा मुद्दा इथेच येतो आणि तो भगिनींच्या बाजूचाही आहे. १९६५ साली झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी हे समीकरण संगणकावर सोडवले, तेव्हा अशा दोन लाटा एकमेकींवर आदळून पुन्हा आपापल्या मूळ आकारात बाहेर पडताना दिसल्या. ‘सॉलिटॉन’ हे नाव त्यांनीच दिले. संगणकाने हे दाखवले, पण असे का होते ते सांगितले नाही. ते १९६७ साली गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी कागदावर उलगडले, आणि त्यासाठी वापरले काय, तर अणूंच्या जगातले श्रोडिंगरचे समीकरण! कालव्यातल्या लाटेचे उत्तर पुंजभौतिकीच्या घरी सापडावे, हे मला अजूनही नवलाचे वाटते. सहा वर्षांनी, १९७३ साली, काचेच्या प्रकाशतंतूतूनही प्रकाशाचे असेच आकार टिकवणारे स्पंद जाऊ शकतील असे हासेगावा आणि टॅपर्ट यांनी गणिताने सांगितले; १९८० साली प्रयोगाने ते खरे ठरले.

रोजचे काम मात्र इतके नाट्यमय नसते, हे मुलीला आताच सांगून ठेवावे. माझ्या प्रबंधात एका पदाचे चिन्ह उलटे पडले होते. उत्तर दिसायला सुंदर येत होते, फक्त लाटेची ऊर्जा आपोआप वाढत होती, आणि ते चिन्ह सापडेपर्यंत अडीच महिने गेले. तेव्हापासून ऊर्जेचा ताळा केल्याशिवाय मी पान उलटत नाही; आपणही बँकेत दिवसअखेरीचा ताळमेळ लागल्याशिवाय उठत नसाल.

प्रश्न : गणितीय भौतिकी आणि सैद्धांतिक भौतिकी यांत फरक काय? माझे पदवीला भौतिकी नव्हते, तर अडेल का? (एक विद्यार्थिनी, वाडी, बडोदे)

उत्तर : भौतिकीचा अभ्यासक प्रयोगाशी जुळणारे उत्तर मिळाले, की पुढे सरकतो, गणितीय भौतिकीत ते उत्तर सिद्ध करावे लागते. टेबल-खुर्ची आपल्याच विद्युत आकर्षणाने आत कोसळत का नाही, याची काटेकोर सिद्धता डायसन आणि लेनर्ड यांनी १९६७ साली दिली, तोवर साऱ्यांनी ते गृहीतच धरले होते. वर आलेल्या नाविए–स्टोक्स समीकरणांना तीन मितींत कायम सुरळीत उत्तर असते की नाही, हे तर अजून कोणालाच सिद्ध करता आलेले नाही. अमेरिकेतल्या क्ले गणित संस्थेने २००० साली त्यासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक ठेवले आहे. पदवीला भौतिकी नसल्याने अडणार नाही, मात्र यामिकी आणि विद्युतचुंबकत्व स्वतः वाचून घ्यावे लागेल. विश्लेषण, म्हणजे मर्यादा, सातत्य, अभिसरण यांचे काटेकोर गणित, कच्चे असेल तर मात्र अडेल.

प्रश्न : बडोद्यातच राहून हे करता येईल का, आणि खर्चाचे काय? (एक पालक, दांडिया बाजार)

उत्तर : महाराजा सयाजीराव विद्यापीठात विज्ञान शाखेत गणित विभाग आहे, आणि तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत, म्हणजे आपल्या कलाभवनात, उपयोजित गणिताचा वेगळा विभाग आहे. दोन्हीकडे जाऊन मार्गदर्शकांचे अलीकडचे शोधनिबंध पाहावेत आणि मगच अर्ज करावा, कारण विभागाच्या नावापेक्षा मार्गदर्शकाचा विषय महत्त्वाचा असतो. सीएसआयआर–यूजीसी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, शिवाय घरभाडे भत्ता वेगळा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ची मुदत किमान तीन आणि कमाल सहा वर्षे आहे. महिलांना त्यात दोन वर्षांची सवलत मिळू शकते.